धुक्यातलं डोहाळजेवण

कॅमेरा माझ्या हातात होता, वायरीचं एक टोक कॅमेऱ्यात होतं, दुसरं संगणकात होतं, आणि तरीही संगणक म्हणत होता, "मला कोणतंही उपकरण दिसत नाही."

"आंधळा आहेस का रे?" मी म्हटलं.

"क्षमस्व, वृषालीताई. कृपया जोडणी पुन्हा एकदा तपासून पाहा."

आमचा संगणक म्हणजे भिंतीत बसवलेला एक पातळ पडदा आणि त्याच्या मागून येणारा अतिशय सभ्य आवाज. मी त्याला महाराज म्हणते. मी सांगलीच्या एसटी स्टँडवर उभा जन्म माइकवर काढला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे ओरडून सांगताना ड्रायव्हर, कंडक्टर, पॅसेंजर, सगळ्यांशी भांडले. त्यामुळं सभ्य आवाजाचं मला काही कौतुक नाही. आपण चिडलो की समोरच्यानंही जरा चिडावं, म्हणजे बरं वाटतं. महाराज कधी चिडत नाहीत.

कॅमेरा जुना, आत फीत घालायची तसला. दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, दुबईहून आणलेला. त्याची एकच फीत शिल्लक होती, आणि त्या फितीत आई होती.

पुराच्या साली आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि सगळ्या अल्बमांचा लगदा झाला. आई त्याच्या खूप आधी गेलेली. कॅमेरा तेवढा अक्काकडं मिरजेला पडला होता म्हणून वाचला, आणि मग माझ्याकडं आला. आईचा म्हणून एकच फोटो उरला, रेशनकार्डावरचा, आणि त्यात ती अशी दिसते की जणू पोलिसांनी नुकतीच पकडून आणलीय. इतकी वर्षं माझं त्यावाचून अडलं नाही. डोळे मिटले की आई दिसायची. पण हल्ली डोळे मिटले की पदर दिसतो, हिरव्या बांगड्या दिसतात, पीठ मळणारे हात दिसतात, आणि मान वर करून बघावं तर तिथं ते मेलं रेशनकार्ड! आपल्या आईचा चेहरा आपल्याला आठवू नये? दुपारी पडल्या पडल्या मी नुसती कूस बदलायची आणि रडायची. मला तो चेहरा परत पाहिजे होता, मरायच्या आधी एकदा तरी.

म्हणून हा सगळा उपद्व्याप. जुन्या वायरीला नवीन तोंड लावून आणलं. कॅमेऱ्याची बॅटरी कधीच मेली होती, पण प्लगवर तो अजून चालत होता. आत फीत फिरल्याची घरघर ऐकू यायची. कॅमेऱ्याचा उघडमीट होणारा छोटा पडदा फुटून गेलेला, आणि जुना टीव्ही तर आता भंगारातही मिळत नाही. तेव्हा महाराजांशिवाय गत्यंतर नव्हतं.

"कॅमेऱ्याचं बटण चित्र घेण्याकडे आहे की दाखवण्याकडे?" महाराजांनी विचारलं.

"दाखवण्याकडे."

"कृपया मला एकदा बंद करून पुन्हा सुरू करा."

तेही केलं. तो झोपला, उठला, आणि म्हणाला, "मला कोणतंही उपकरण दिसत नाही." माझं डोकंच फिरलं.

"कॅमेऱ्यातल्या खाचेत धूळ असू शकते," तो म्हणाला. "भिंगातून पाहावं."

मी भिंग घेऊन खिडकीपाशी उन्हात बसले. बघते तर खाचेत लालभडक काहीतरी गच्च बसलेलं. गंज म्हणावा तर गंज इतका सुंदर नसतो. दात कोरायच्या काडीनं जरा उकरलं आणि वास घेतला. कुंकू!

मग मला हसूच फुटलं. आमच्या आगारात खंडेनवमीला गाड्या धुऊन पुसून उभ्या करायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदीकुंकू वाहायचं. ती सवय मी घरी आणली. कॅमेऱ्याचीही पूजा व्हायला पाहिजे की! मागच्या बाजूला एक चपटी, छान जागा होती, झाकणाखाली. ते त्याचं कपाळ समजून दर वर्षी झाकण उघडून मी तिथं बोट टेकवत होते. ते त्याचं तोंड होतं. इतक्या खंडेनवम्यांचं कुंकू मी त्याला चारलं होतं, वर हळद आणि चार अक्षताही.

"महाराज, नवस फेडत होते हो मी," मी म्हटलं.

"मला समजलं नाही."

"नाहीच समजणार."

काडी, मऊ ब्रश आणि स्पिरिटचा बोळा घेऊन दुपारभर बसले. पेपरवर लाल चूर्णाचा ढीग झाला. वायर घातली. पडद्यावर एक निळा ठिपका उमटला, वाढला, आणि महाराज म्हणाले, "उपकरण दिसलं." माझा जीव भांड्यात पडला.

"पण मी ते आत घेऊ शकत नाही. या कॅमेऱ्यात द्वारपाल नाही."

आता हे द्वारपाल प्रकरण काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं ते पहिल्यापासूनच होतं. मध्यंतरी अशी वेळ आली होती की कुणाचाही चेहरा उचलून कुणीही काहीही करावं. एखाद्याचे दोन फोटो मिळाले की यंत्र त्याला हवं तसं हसवायचं, बोलवायचं, नाचवायचं. खरं-खोटं ओळखायला दुसरी यंत्रं केली, तीही हरली. तेव्हा शास्त्रज्ञांनी तो नादच सोडला. चित्र खरं की खोटं हे विचारायचंच नाही असं ठरलं. ज्याचा चेहरा आहे त्याची हरकत आहे का, एवढंच विचारायचं.

त्यासाठी प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याचा आकडा काढला. दोन डोळ्यांमधलं अंतर, गालाच्या हाडाचा उतार, हनुवटीची खोली, अशा हजारो मापांचा मिळून एक लांबलचक आकडा. चेहऱ्यावरून आकडा निघतो, पण आकड्यावरून चेहरा परत उभा राहत नाही. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत तसं. हे आकडे आणि प्रत्येकापुढचं 'हो' किंवा 'नाही', हे जगातल्या यच्चयावत पडद्यांत आणि कॅमेऱ्यांत बसवलेल्या एका चिपला ठाऊक असतं. तीच द्वारपाल. चित्र आत येतानाच ती चेहरे मोजते, आणि ज्याचं 'नाही' असेल त्याच्या जागी पांढरं धुकं घालते. मेलेल्या माणसांचे चेहरे काही वर्षांनी आपोआप खुले होतात. जित्या माणसाला मात्र अधलंमधलं काही करता येत नाही. या चित्राला हो आणि त्या चित्राला नाही असं चालत नाही, कारण चित्र बदललं म्हणून आकडा बदलत नाही. एकदा 'हो' म्हटलं की जगातल्या सगळ्या पडद्यांवर तुम्ही उघडे. परत 'नाही' करायचं तर वर्ष-वर्ष हेलपाटे.

"जुन्या चित्रांसाठी एक वेगळी वाट आहे," महाराज म्हणाले. "मी प्रत्येक चित्र आत येता येता तपासेन. वेळ लागेल. ज्यांची संमती नाही ते दिसणार नाहीत."

"आईची आता कोण हरकत घेतंय? लाव."

घरघर सुरू झाली आणि भिंतीवर नदी आली.

कृष्णा. हरिपूरचा घाट, पलीकडच्या काठावरची हिरवी ओळ, आणि कडेनं सरकणारी नाव. ते अक्काचं डोहाळजेवण होतं. कुणी बागेत करतं, कुणी चांदण्यात. आईनं हट्टानं नावेत केलं होतं. नावेला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आणि मधोमध पाट. आवाज नव्हताच. त्या दिवशी नदीवर इतका वारा होता की माइकमध्ये नुसती फडफड भरली होती. तो वारा माझ्या खोलीत वाहायला लागला. पाण्यावरचा उजेड छताला लागला, कपाटावर हलला, माझ्या हातांवर हलला, आणि मी खुर्चीतच आहे की घाटावर, हेच मला क्षणभर कळेना.

पण पाटावर अक्का नव्हती. पाटावर धुकं बसलं होतं. हिरव्या साडीच्या निऱ्या पाटावरून खाली आलेल्या, मोगऱ्याचे बाजूबंद, शेवंतीचा कंबरपट्टा, आणि त्यांच्या वर गळ्यापासून नुसता पांढरा ढग. त्या ढगाला कुणी कुंकू लावत होतं, कुणी ओटी भरत होतं. आणि आई? आई अक्काला सोडतच नव्हती! गालाला गाल लावून बसली होती, तिचा मुकुट नीट कर, केस सारखे कर. धुकं चेहऱ्यापेक्षा जरा सैल असतं, आजूबाजूचंही थोडं घेतं. मला आईचा खांदा दिसला. कान दिसला, कानातली कुडी दिसली. एकदा तिनं मान वळवली आणि मी उठून उभीच राहिले, पण तेवढ्यात ढग हलला आणि तिला पुन्हा पोटात घेऊन बसला.

"महाराज, बाजूला करा हो ते!"

"मला करता येत नाही. आणि मी थांबतो आहे, वृषालीताई. फितीवरचा थर सुटतो आहे. ही फीत आता फार तर एकदाच फिरेल, असा माझा अंदाज आहे." नदी विझली. खोली एकदम लहान झाली. "आपली इच्छा असल्यास धुक्याच्या कडेला जे दिसलं त्यावरून मी आपल्या आईंचा चेहरा तयार करू शकतो. बराचसा जुळेल."

"खबरदार!" मी ओरडले. "असल्या सतरा आया करशील तू. मला माझी पाहिजे."

मी अक्काला फोन लावला. अक्का, माझी बहीण शोभना, मिरजेला राहते. पडद्यावर तिचं स्वयंपाकघर आलं आणि त्यात बोलणारं धुकं. आम्हा घरच्यांना त्याची सवय झाली आहे. प्रत्यक्ष भेटली की तीच अक्का, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बघणारी.

"आई सापडली अक्का," मी म्हटलं, "पण तू तिच्यापुढं बसलीयस."

सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तू एकदा 'हो' म्हण ना गं."

 मागं कुकरची शिट्टी झाली तरी धुकं हललं नाही.

"वृषे, तुला माहीत आहे ना?" ती एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मला माहीत होतं. अक्का शाळेची हेडमिस्ट्रेस होती. तिनं कधी पोराला चिमटा काढला नसेल, पण कुणीतरी तिचा चेहरा घेऊन असा व्हिडिओ केला की ती एका लहान मुलाला छडीनं फोडून काढतेय. एका सकाळीत तो गावभर फिरला. फाटकावर माणसं जमली, दगड आले. नंतर खरं काय ते सिद्ध झालं, पण दाखवणाऱ्यांनी दाखवायचं काही सोडलं नाही. भाजीवालीसुद्धा तिच्या हाताकडं बघायची. 'नाही' म्हणायची सोय झाली त्या पहिल्याच दिवशी अक्कानं चेहरा काढून घेतला. तो व्हिडिओ अजून हजारो ठिकाणी पडलाय. फक्त त्यात छडी उगारणारी बाई आता धुक्याची आहे.

हे सगळं मला माहीत असून मी तिला विचारलं. आईसाठी माणूस काय काय मागतं!

दोन-तीन दिवस आमचं बोलणं नाही. मग एका सकाळी अक्का दारात उभी. हातात डबा, अंगावर कडक इस्त्रीची साडी, शाळेत तपासणी असली की नेसायची तसली.

"उघडते मी," चप्पल काढता काढताच म्हणाली. "मलाही बघायचीय आई. तुझी एकटीची होती काय?"

"अक्का, अगं पण..."

"आता माझं वय काय, वृषे? कोण ओळखणार मला? केतकी म्हणाली, आई, तुला पाहिजे तसं कर." केतकी तिची लेक, त्या डोहाळजेवणात पोटात होती ती. "लाव तुझ्या महाराजांना."

मी वायर लावली, फीत मागं नेऊन ठेवली. अक्का पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. महाराजांनी सगळे नियम वाचून दाखवले. काचेकडं सरळ बघायचं, पूर्ण नाव घ्यायचं आणि मी माझा चेहरा खुला करते असं म्हणायचं. त्यानंतर सहजासहजी मागे घेता येणार नाही.

अक्कानं चष्मा काढला. पदर खांद्यावरून नीट घेतला, परत घेतला, परत घेतला. "मी, शोभना..." म्हणाली आणि थांबली. घोटभर पाणी प्यायली. परत काचेकडं बघायला लागली तेव्हा तिची हनुवटी थरथरत होती. दगड आले त्या दिवशी मी तिच्या घरी धावत गेले होते. तेव्हा ती ओट्याखाली डब्यांच्या मागं बसली होती, एवढी मोठी बाई, आणि तिची हनुवटी अशीच थरथरत होती.  उद्या कुणी भाजीवाली परत हिच्या हाताकडं बघायला लागली तर मी त्या आईच्या चेहऱ्याचं काय करू?

"मी, शोभना..."

मी वायर उपटली.

"जोडणी तुटली आहे," महाराज म्हणाले. "कृपया वायर तपासून पाहा."

"गप बसा!" मी म्हटलं. "आणि अक्का, तूही घाल तो चष्मा. नाही बघायचं मला."

"अगं वेडे, मी करत होते की!"

"होय, दिसलं ते. आधी पाणी पी."

ती रडायला लागली आणि मग मीही. दोघी म्हाताऱ्या नाकं पुसत बसलो. कॅमेरा टेबलावर तसाच पडला होता, सुरूच. मी तो बंद करायला उचलला तर त्याच्या मागच्या डोळ्यातून उजेड येत होता. चित्र घेताना एक डोळा लावून बघायचं ते छोटं भिंग. ते जिवंत होतं. मी विसरलेच होते त्याला. महाराजांकडं चित्र उतरवून जपून ठेवायचं, मोठं करून भिंतीवर बघायचं, याच नादात मी होते. या डोळ्यातून बघितलेलं कुठंच साठणार नव्हतं. टिकलीएवढं चित्र, एकालाच दिसणारं. फीत एकदा फिरणार, मग संपलं.

पण त्या डोळ्याला द्वारपाल नव्हता.

फीत अजून फिरवली नव्हती. अक्काला सांगितलं. दोघी त्या टिकलीएवढ्या उजेडाकडं बघत राहिलो.

"तू बघ," अक्का म्हणाली. "तू एवढा खटाटोप केलायस."

मला बघायचं होतं. देवाशपथ सांगते, हात कॅमेऱ्याकडं गेलाही होता. मग मला आठवलं की त्या दिवशी नावेत याच भिंगाला डोळा लावून मीच बसले होते. दाजींचा नवा कॅमेरा, सोडवत नव्हता हातातून. आईची ती सगळी लगबग मी एकदा इथूनच बघितली होती. अक्काच्या पाठीमागं, कानाशी, गालाला गाल लावून आई होती. अक्कानं स्वतःच्या गालाशी टेकलेला आईचा चेहरा कधी बघितलाच नव्हता. आणि इतक्या वर्षांत कुठल्याच चित्रात धुक्याशिवाय स्वतःलाही बघितलं नव्हतं.

"माझं बघून झालंय हे," मी म्हटलं. "तू बघ, आणि मला सांग. पण नीट सांग. नाहीतर सांगशील, छान होतं म्हणून."

अक्कानं चष्मा कपाळावर ढकलला, डोळा भिंगाला लावला. मी बटण दाबलं आणि तिच्या पायाशी सतरंजीवर डोळे मिटून बसले.

"नदी आहे," ती म्हणाली. "किती स्वच्छ गं पाणी... नाव हलतेय. अगंबाई, मी! केवढी बारीक होते मी, वृषे. पोट सोडून."

"आई?"

"आई मुकुट नीट करतेय माझा. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आलाय. ओठ असे आत घेतलेत, दाबून, सुई ओवताना घ्यायची ना तसे. आता हसली. तिचा तो एक दात, गं! जरा पुढं आलेला. मी विसरलेच होते."

मीही विसरले होते. तो दात काळोखात एकटाच आला आणि थांबला.

"मावशी वाट्या पुढं करतायत, पेढ्याची आणि बर्फीची. मी पेढा उचलला बघ."

"बर्फी उचललीस तू. सगळे मुलगी म्हणून ओरडलेले."

"पेढा गं... थांब. हां, बर्फीच. बर्फीच आहे." ती हसली. "चित्राचे चौकोन व्हायला लागलेत, वृषे. फुटतंय."

"बोलत राहा."

"आई माझ्या गालाला गाल लावून बसलीय. डोळे मिटलेत तिनं. भुवया... उजवी भुवई जरा वर, मधे केस कमी. कपाळावर कुंकू फिसकटलंय वाऱ्यानं. आता डोळे उघडले. इकडं बघतेय. वृषे, ती तुझ्याकडं बघतेय."

ओठ, दात, भुवई, कपाळ. सगळं येत होतं, एकेक, पाण्यातून वर यावं तसं.

"काहीतरी बोलतेय तुला. रागावलीय. नाही, हसतेय. हातानं ये म्हणतेय. पुरे झालं ते, असं काहीतरी. ताट वाढलंय, दाखवतेय बघ. जेवायला ये म्हणतेय. आख्खा हात लांब केलाय तिनं, इथं, अगदी कॅमेऱ्याच्या तोंडाशी..."

घरघर थांबली. आत काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही गं," अक्का म्हणाली. "तू कॅमेरा बंद केलास. जेवायला आलीस."